आईचं 'आलेच'

जपानातल्या कोबेत माणूस वाट चुकूच शकत नाही, असं माझ्या आईचं ठाम मत होतं. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत घरं, दुकानं आणि रेल्वेचे रूळ. तिथले लोक पत्ता सांगताना डावं-उजवं फारसं म्हणत नाहीत. 'रस्त्याच्या डोंगराकडच्या बाजूला' नाहीतर 'समुद्राकडच्या बाजूला' एवढं सांगून मोकळे होतात. आईला ही रीत इतकी आवडली की आमच्या दोन खोल्यांच्या घरातही तिनं ती चालू केली. "मीनू, समुद्राकडच्या फळीवरचा डबा दे," असं ती म्हणायची आणि मी बरोबर साखरेचा डबा काढून द्यायचे. ती पुण्यात भूगोल शिकवायची. नकाशा भिंतीवर टांगलेला असल्यामुळे उत्तर दिशा छतात असते, असं समजणारी मुलं तिच्या वर्गात दरवर्षी असत. त्यामुळे असेल, पण अख्खं गाव दिशा जाणून चालतं याचं तिला मनापासून कौतुक वाटे.

आम्ही तिथं गेलो ते बाबांच्या नोकरीमुळे. तो काळच तसा होता. आमच्या सोसायटीतून थोड्या थोड्या दिवसांनी कोणीतरी कॉम्प्युटरच्या कामासाठी परदेशी जाई, आणि त्यांच्याकडे निरोपाच्या चहाला आम्ही जात असू. एक दिवस तो चहा आमच्याकडे झाला. बाकी सगळे अमेरिकेला, बाबा तेवढे जपानला. "तिकडे खाणार काय?" हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला की बॅगा भरताना आईनं भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला आधी भरला आणि उरलेल्या जागेत कपडे कोंबले. दोन वर्षांचा मामला होता. आईनं शाळेतून बिनपगारी रजा घेतली, आणि मला सातवीतून उचलून तिथल्या शाळेत घातलं. पहिलं वर्ष मी मुकी म्हणून काढलं आणि दुसरं बडबडी म्हणून. बाबा ऑफिसात 'बारुबे-सान' झाले, कारण 'बर्वे' म्हणणं तिथल्या जिभेला झेपत नसे.

घर चढावर होतं. खालून रेल्वे फाटकाची घंटा ऐकू यायची, हिवाळ्यात रॉकेल विकणारी गाडी एकच गाणं वाजवत वळणावळणानं वर यायची, आणि संध्याकाळी शेजारच्या खिडकीतून मासे भाजल्याचा वास आला की आई आपली खिडकी हळूच लावून घ्यायची. आमच्याकडे फोडणी पडली की शेजारचे त्यांची खिडकी तशीच हळूच लावून घ्यायचे. इतका समंजस शेजार मला पुढे कुठेही मिळाला नाही. जेवणात फार फरक पडला नव्हता. चिकट तांदळाचा भात, कितानो भागातल्या भारतीय दुकानातून आणलेली तूरडाळ, आणि कोबी. कोबी इतका गोड आणि इतका स्वस्त असे की आई कोबीची भाजी, कोबीची वडी, कोबीची थालीपिठं असं चक्र चालवायची. बाबा म्हणायचे, "गावाच्या नावावरूनच कळायला हवं होतं."

आईला मात्र तिथं नाव राहिलं नाही. वॉर्ड ऑफिसात, दवाखान्यात, बाबांच्या ऑफिसच्या पार्टीत, सगळीकडे ती 'ओकुसान'. म्हणजे अमक्यांची बायको. शब्द आदराचा आहे, म्हणणाऱ्यांच्या मनात काही नसतं. पण पुण्यात रस्त्यानं चालताना पाच-दहा जणांकडून "नमस्ते बाई" ऐकायची सवय असलेल्या बाईला तो शब्द कसा लागत असेल, याचा मी तेव्हा विचार केला नव्हता. माझ्या आजूबाजूला नवी भाषा होती, नव्या मैत्रिणी होत्या, मी खूश होते. आई घरात होती आणि आई घरातच असते, एवढंच मला दिसत होतं. आता मी आईच्या तेव्हाच्या वयाला मागे टाकलं आहे, आणि कोणी मला नुसतं 'मॅडम' म्हटलं तरी मनात येतं, अहो, मला नाव आहे.

तिला हाक मारणारं माणूस मिळालं ते एका करवंटीमुळे. कचऱ्याचे तिथं कडक नियम: जळणारा वेगळा, न जळणारा वेगळा, प्रत्येकाचा वार वेगळा. आईनं नारळ फोडला आणि करवंटी जळणाऱ्या कचऱ्यात टाकली. थोड्या वेळानं खालच्या मजल्यावरच्या मोरिता-सान करवंटी हातात घेऊन दारात उभ्या. साठीच्या, बारीक, ताठ कण्याच्या बाई. त्यांना भांडायचं नव्हतं. त्यांना खरंच कळत नव्हतं की हे लाकूड आहे, भांडं आहे की फळ आहे. आईनं त्यांना आत बसवून खोबऱ्याची वडी दिली आणि आपल्या तोडक्यामोडक्या जपानीत नारळाचं झाड, किनारपट्टी, हवामान असं सगळं हातवारे करून सांगितलं. मोरिता-सान लक्ष देऊन ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही सेन्सेइ आहात का?" सेन्सेइ म्हणजे शिकवणाऱ्या बाई. आई म्हणाली, "हो." त्या दिवसापासून त्या आईला 'सेन्सेइ' म्हणायला लागल्या. सबंध जपानात तेवढ्या एकट्याच.

दोन वर्षं संपत आली तेव्हा बाबांच्या कंपनीनं त्यांना कायम होता का म्हणून विचारलं. बाबांना राहायचं होतं, मला तर राहायचंच होतं. जेवताना बाबा म्हणाले, "मग राहू या. तू शाळेला राजीनामा कळवून टाक. नवं सत्र सुरू व्हायच्या आत त्यांनाही दुसरं कोणी बघावं लागेल." आई म्हणाली, "बघू," आणि त्यांच्या वाटीत आमटी वाढली. आमच्या घरात निर्णय असेच व्हायचे. पुढं अधूनमधून बाबा विचारायचे, "शाळेचं झालं का गं?" आणि आई ओट्याशी पाठमोरी उभी राहून म्हणायची, "झालंच." तेवढ्यावर आम्ही दोघांनी ती गोष्ट झाली असं धरलं. माझ्या डोक्यात पुढच्या तीन वर्षांचं सगळं पक्कं होतं: कुठली शाळा, कुठल्या मैत्रिणी, आगगाडीच्या कुठल्या डब्यातून जायचं. त्या चित्रात आई ओट्याशी उभी होती.

तिकडे सरकारनं लांबच लांब पायवाटा आखून ठेवल्या आहेत. एका प्रांतातून दुसऱ्यात जाणाऱ्या, भातखाचरं, देवळं, खेडी, डोंगर असं सगळं ओवत नेणाऱ्या. जागोजागी लाकडी खांब, त्यावर पुढच्या गावाचं नाव. मोरिता-सान अशीच एक वाट तुकड्यातुकड्यानं चालत होत्या. दर शरदात दोन दिवस जायचं, गेल्या खेपेला जिथं सोडली तिथून पुढं धरायची. त्यांचे यजमान कधी बरोबर जात नसत. "जिथून परतच यायचं तिथं जायचं कशाला," असं त्यांचं म्हणणं. त्या वर्षीचा तुकडा पार पश्चिमेला अकियोशिदाईच्या माळावरून जाणार होता. मोरिता-साननी आईला एक फोटो दाखवला. हिरवट पिवळे गोल गोल डोंगर, एकाला लागून एक, आणि त्यावर विखुरलेले पांढरे दगड. आईनं तो हातात घेतला आणि म्हणाली, "चुनखडी!" मग माझ्याकडे वळून, "मीनू, इतकी वर्षं मी चुनखडीचा प्रदेश शिकवला. प्रत्यक्षात बघितला तो फक्त हातातला खडू."

तीन दिवसांची जोडून सुट्टी होती. बाबांना काम होतं. आम्ही तिघी निघालो. आईनं धपाटे केले, लसणाची चटणी घेतली, आणि मोरिता-साननी भाताचे गोळे आणले होते, ज्यांच्या पोटात खारवलेलं आंबट फळ असतं. आईनं एक चावून पाहिला. "हे म्हणजे भातात लोणचं लपवलंय," ती म्हणाली, आणि आणखी एक घेतला. बुलेट ट्रेन, मग बस, मग एका खेड्यातल्या बंद दुकानापाशी तो लाकडी खांब. सुरुवातीची वाट गावातूनच होती. पानं झडलेल्या झाडांना केशरी फळं लगडलेली, अंगणात मुळे वाळत टाकलेले, कापणी झालेल्या खाचरात कुठं कुठं धूर. मग बांबूचं बन लागलं, त्यात आपल्याच पावलांचा आवाज मोठा वाटतो. चढ संपला आणि एकदम झाडंच संपली.

मी त्यानंतर बरेच डोंगर पाहिले, पण तसा माळ नाही पाहिला. उंच सुळके नाहीत, कडे नाहीत, नुसते एकामागून एक चढउतार, आणि सगळीकडे कमरेएवढं रुपेरी तुऱ्यांचं गवत. त्यात ते पांढरे दगड. तिथले लोक त्यांना मेंढ्यांची उपमा देतात. आईनं बघितल्याबरोबर म्हटलं, "हे तर सांडगे घातलेत कोणी." तेव्हापासून मला तो माळ आठवतो तो सांडग्यांसकटच. दर वर्षी थंडी सरता सरता गावकरी सगळा माळ पेटवतात, म्हणून तिथं झाडं वाढत नाहीत आणि वाट लांबवर उघडी दिसते, असं मोरिता-साननी सांगितलं. आईचं अर्धं लक्ष त्यांच्याकडे होतं. तिला पहिला खड्डा दिसला होता. तसे तिथं शेकडो आहेत, जमिनीला कोणीतरी मोठ्या वाटीनं कोरून काढावं तसे गोल, उतरते, काही घराएवढे तर काही मैदानाएवढे. "विलय विवर!" आई ओरडली. पावसाचं पाणी चुनखडी विरघळवतं, खाली पोकळी होते, वरची जमीन खचते, हे सगळं मला पाठ होतं, कारण पेपर तपासताना ती चुकीची उत्तरं मोठ्यानं वाचून दाखवायची.

दुपारनंतर असं व्हायला लागलं की आम्ही दोघी पुढं आणि आई मागं. प्रत्येक विवरापाशी ती थांबायची, वाकून बघायची. "तुम्ही व्हा पुढं, मी आलेच," असं म्हणायची. एका वळणावर वाटेला दोन फाटे होते, दोन्ही पुढं विश्रांतीच्या जागी, एका चहाच्या दुकानापाशी मिळणारे. त्यातल्या एका फाट्यानं थोडं पुढं जाऊन आम्ही तिची वाट बघत उभ्या राहिलो, आणि खालच्या दरीतून धुकं वर यायला लागलं. ते इतक्या शांतपणे येतं की आधी दूरचे दगड जातात, मग जवळचे, आणि आपल्याला वाटतं आपलेच डोळे जड झालेत. आईकडे बाबांचा जुना मोबाइल होता. मोरिता-साननी फोन लावला. मी तेव्हा खांबावरची अक्षरं वाचत होते. त्या दोन वाक्यं बोलल्या, फोन ठेवला आणि निर्धास्तपणे मला म्हणाल्या, "आई पोचल्यासुद्धा. त्या दुसऱ्या फाट्यानं पुढं गेल्या असतील. चला." आईचा चालण्याचा झपाटा मला ठाऊक होता. आम्ही निघालो.

चहाच्या दुकानात आई नव्हती. दुकानदार म्हणाले, मघापासून कोणीच आलेलं नाही. फोन लावला तर संपर्कक्षेत्राबाहेर असल्याचं सांगणारा तो गोड आवाज. मोरिता-सान गोंधळून गेल्या. "पण त्या स्वतः म्हणाल्या," त्या पुन्हा पुन्हा सांगू लागल्या. मी विचारलं, "नक्की काय म्हणाली? शब्द काय होता?" मोरिता-साननी आठवून, आईच्या सुरात, तसाच्या तसा म्हणून दाखवला. त्यांनी विचारलं होतं, "सेन्सेइ, विश्रांतीच्या जागी येताय ना?" आणि आई म्हणाली होती, "हाय, हाय, किमाश्ता, किमाश्ता!"

हाय म्हणजे हो, आणि किमाश्ता म्हणजे आले. झालेली, संपलेली, पूर्ण क्रिया. जपानी माणूस ते आल्यावरच म्हणतो. आणि आमच्या घरातल्या कोणत्याही माणसाला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं की आईचं 'आले, आले' म्हणजे अजून कुकरची एक शिट्टी व्हायची आहे, केस विंचरायचे आहेत, चप्पल सापडायची आहे. तिनं मनातल्या मराठीचं सरळ जपानी केलं होतं. इतका साधा ध चा मा, आणि त्या सबंध माळावर तो ओळखू शकेल असं माणूस मी एकटीच होते. मला हसू फुटलं आणि हसता हसताच मी दाराशी धावले, कारण बाहेर आता काहीही दिसत नव्हतं, आणि त्या काहीही न दिसण्यात जागोजागी जमीन खाली गेलेली होती.

दुकानदारांनी एक विजेरी दिली, आपणही कंदील घेऊन दुसऱ्या फाट्याला लागले. मी आणि मोरिता-सान आलेल्या वाटेनं परत फिरलो. मोरिता-साननी माझ्या सॅकचा पट्टा धरला होता. ओल्या गवताचा वास, आमचे श्वास, बाकी सगळं पांढरं. मी थोड्या थोड्या अंतरावर हाक मारत होते. कितव्या तरी हाकेला, उजवीकडून की समोरून ते कळेना, ओ आली.

"आले, आले!"

"आई, येऊ नकोस! आहेस तिथंच उभी राहा!"

"अगं आलेच!"

"आलेच म्हणू नकोस! आली नाहीयेस तू!"

मग धुक्यातून किंचित दुखावलेला आवाज आला, "बरं. नाही आले."

"बोलत राहा! थांबू नकोस!"

"नाही आले!" आई ओरडायला लागली. "नाही आले! नाही आले!" आणि त्या आवाजाच्या रोखानं मी एकेक पाऊल टाकत गेले. ती वाट सोडून बरीच आत गेली होती. एका पांढऱ्या दगडाला दोन्ही हातांनी धरून उभी होती, आणि तिच्या पुढ्यात गवत चांगलं सपाट दिसता दिसता एकदम उतरत खाली नाहीसं झालं होतं. मी तिला मिठी मारली आणि मोठ्यानं रडले. आई माझ्या पाठीवर थोपटत म्हणत होती, "अगं, काय झालं? मी येतच होते की." मागं मोरिता-सान धुक्यातच कमरेत वाकून माफी मागत होत्या. ज्यांची माफी मागायची त्यांना त्या धड दिसतही नव्हत्या.

दुकानदारांना गाठून विजेरी परत केली आणि आम्ही खाली उतरलो. मुक्काम माळाखालच्या खेड्यात होता, एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरगुती खानावळीत. गरम पाण्याच्या हौदात बसून अंगातली थंडी गेली, मग जेवण. तिखटगोड परतलेली लांब मुळं, टोफू, रानभाज्या आणि एक सूप, ज्यात माशाचा अर्क असणार हे माहीत असूनही आई डोळे मिटून प्यायली. मोरिता-सानना तो शब्द चैन पडू देईना. त्यांनी मला विचारलं, "न आलेलं माणूस 'आले' म्हणतं. मग खरोखर आल्यावर तुम्ही काय म्हणता?"

"काहीच नाही. दिसतोच की."

मोरिता-सान तोंडावर हात धरून हसायला लागल्या, त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "आणि असे आणखी शब्द आहेत?"

"भरपूर. निघालोच म्हणजे अजून निघालो नाही. बसलेच म्हणजे अजून उभी आहे. झालंच म्हणजे..."

मी थांबले. आई समोर बसून मुळं चावत होती. तिला जपानीतलं तेवढं कळलं होतं. मी मराठीत विचारलं, "आई, शाळेला कळवलंस?"

"झा..." एवढंच तिच्या तोंडून निघालं. तिनं जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. "नाही," ती म्हणाली. "नाही कळवलं."

"कधी कळवणार?"

"कळवणार नाहीये. मला परत जायचंय, मीनू. शिकवायला."

मोरिता-साननी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, "सेन्सेइ शाळेत परत जाणार आहेत." माझ्या तोंडून आईसाठी तो शब्द पहिल्यांदाच निघाला. "हो का! बरं झालं," त्या उत्स्फूर्तपणे म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे बघून त्यांचं हसू अर्ध्यावरच राहिलं. मला राग आला होता. म्हणजे माझं घर दोन ठिकाणी होणार होतं, आणि ते तिनं महिनोन्‌महिने मनात ठेवलं होतं. पण पांघरुणात शिरल्यावर मला हेही कळत होतं की तिनं काही लपवलेलं नव्हतं. ती रोज मराठीत सांगत होती की झालेलं नाही. आम्हीच ते, सोयीचं म्हणून, जपानीत ऐकत होतो.

सकाळी आभाळ धुतल्यासारखं निघालं. आम्ही पुन्हा माळावर चढलो. मी आईशी बोलत नव्हते, आणि तीही माझ्या मागं लागली नाही. एका मोठ्या विवराच्या काठावर मोरिता-सान थांबल्या आणि आईला म्हणाल्या, "सेन्सेइ, हे कसं होतं ते मला सांगा ना." आईनं सॅक खाली ठेवली. थोडं जपानी, थोडं मराठी, आणि मध्ये मी, न बोलण्याचा निश्चय मोडून, अनुवाद करत. तिनं पाऊस पाडला, दगड विरघळवले, जमिनीखाली नदी वाहवली, गुहेच्या छताला थेंब थेंब लवणस्तंभ लोंबवले. समोरून येणारं एक जोडपं थांबलं, मग आणखी दोघं. तिचा आवाज वाढत गेला, शेवटच्या बाकापर्यंत पोचायला हवा तसा. "आता सांगा," ती वळून म्हणाली, "इतका पाऊस पडतो, मग वर ओढा का नाही?" आणि त्या अनोळखी जोडप्यातल्या माणसानं शाळकरी मुलासारखा हात वर केला. दोन वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता, आणि तो कुठं गेला असं मी विचारलंही नव्हतं. मला आई त्या वेळी फार आवडली. राग होता, तो तसाच होता, पण ती मला आवडली.

पुढच्या चढावर मी विचारलं, "मी काय करू?"

"ते तू ठरव. मी ठरवायला फार उशीर लावला."

"मला इथंच राहायचंय. बाबांजवळ."

"माहीत आहे."

"मग तू थांब ना गं."

"नाही," आई म्हणाली. तिनं माझा हात धरला होता, तो सोडला नाही. बराच वेळ आम्ही तशाच चालत राहिलो. खांब येत होते, पुढच्या गावाची नावं बदलत होती. आज कोणी मला विचारलं की तुम्ही मोठ्या कधी झालात, तर मला वाढदिवस वगैरे आठवत नाही, तो चढ आठवतो.

बाबांना तिनं घरी आल्या आल्या, बूट काढायच्या आधी सांगितलं. बाबांनी तिची सॅक उतरवून भिंतीशी ठेवली. मग म्हणाले, "मला वाटलं ते झालं होतं."

"अहो, तुम्हाला मराठी येतं की," आई म्हणाली. काही दिवस घरात भांड्यांचे आवाज जरा जास्त झाले, मग बाबा स्वयंपाकाचं एकेक विचारून घ्यायला लागले. वरणाला हिंग आधी की हळद आधी, असं. भांडण झालं असतं तर बरं, असं मला कधीकधी वाटायचं. पण बाबांचा स्वभाव तसा नव्हता.

ती निघाली त्या दिवशी विमानतळाच्या बसपाशी आम्ही तिघं आणि मोरिता-सान होतो. मोरिता-सान कमरेत वाकून "इत्तेराश्शाइ" म्हणाल्या. म्हणजे जाऊन या. त्यांच्याकडेही निघणाऱ्याला नुसतं जा म्हणत नाहीत. बाबांनी बॅगा चढवल्या, उगाचच पुन्हा मोजल्या. आईनं माझे केस कानामागं सारले, बसची पायरी चढली आणि वळून म्हणाली, "जाते गं."

"येते म्हण!" मी आणि बाबा एकदमच बोललो. असं घरातून निघताना कोणी 'जाते' म्हणतं का? लहानपणी मी चुकून म्हटलं की हीच मला उंबऱ्यातून परत बोलवायची, पाणी प्यायला लावायची.

"नको," आई म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. "येते म्हटलं की तू दाराकडे कान लावून बसशील. सुट्टीत यायला निघेन तेव्हा येते म्हणेन. आज मी जातेय."

ड्रायव्हर अदबीनं वाट बघत होता. 'ये' हा शब्द माझ्या अगदी जिभेवर आला होता. तो मी गिळला.

"जा, आई," मी म्हटलं. आमच्या घरात निघणाऱ्याला कोणी कधी असं म्हटलं नव्हतं, आणि तिला माझ्याकडून तेवढंच हवं होतं.